मासा हातात धरावा का, आणि धरायचाच झाला तर कसा

रविवारी संध्याकाळी सात वाजले की दुकानाचा फोन वाजायला लागतो. सकाळी घरोघरी टाक्या धुऊन झालेल्या असतात. "ताई, सकाळपर्यंत मस्त पळत होता, आता कोपऱ्यात जाऊन बसलाय. पर मिटून घेतलेत." मी आधी एवढंच विचारते, की टाकीतून काढला कशाने? पलीकडे जरा वेळ कोणी बोलत नाही. मग उत्तर येतं, "हातानेच धरला. जाळीत येतच नव्हता."

डोंबिवलीत माझं माशांचं छोटं दुकान आहे, 19 वर्षं झाली. आलेला माल पिशवीतून टाकीत सोडायचा आणि गिऱ्हाइकासाठी टाकीतून पिशवीत भरायचा, हे दिवसभर चालू असतं. त्यामुळे जाळी, डबा आणि हात या तिन्हींनी मी मासे पकडलेत आणि तिन्हींनी झालेलं नुकसानही पाहिलंय. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. कोरड्या हाताने, पाण्याबाहेर, मुठीत धरलेला मासा जखमी होतो. ती जखम त्या दिवशी दिसत नाही, इतकंच. पण ओल्या, स्वच्छ हाताने, पाण्यातच राहू देऊन, खालून आधार दिलेला मोठा गोल्डफिश जाळीपेक्षा सुखरूप राहतो. म्हणजे मासा कुठला आणि हात कसा, यावर सगळं आहे.

बोटांचे ठसे

दुकान सुरू करून वर्ष झालं असेल. एक काका स्टीलच्या पातेल्यात ब्लॅक मूर घेऊन आले. ब्लॅक मूर म्हणजे तो मखमलीसारखा काळा गोल्डफिश, डोळे बाहेर आलेले असतात तो. त्याच्या एका कुशीवर तीन फिकट पट्टे होते आणि दुसऱ्या कुशीवर एकच, जरा रुंद. त्या पट्ट्यांवर कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी बुरशी उगवली होती. काकांना वाटलं, हा काहीतरी नवीन रोग आहे. मी पातेल्यावर माझा हात आडवा धरून पाहिला आणि मला कळलं. एका बाजूला तीन बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा. चार दिवसांपूर्वी टाकी धुताना त्यांच्या मुलाने मासा मुठीत धरून बादलीत टाकला होता.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. आपल्या कातडीवर सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा थर असतो. म्हणून आपण दोरी ओढतो, भांडी घासतो, आणि काही होत नाही. माशाला हा थर नसतो. खवले बाहेर आहेत असं आपल्याला वाटतं, पण खवल्यांच्याही वरून एक अगदी पातळ, जिवंत त्वचा पसरलेली असते, आणि तिच्यातून सतत बुळबुळीत द्रव पाझरत असतो. वाम साफ करताना हातातून सटकते म्हणून आपण राख किंवा मीठ चोळून जी बुळबुळ काढतो, तीच ही. जिवंत माशाला तिचा मोठा आधार असतो. तिच्यात जंतूंना मारणारे घटक असतात, आणि बुरशीचे बीजाणू अंगावर टेकले तरी या द्रवाबरोबर वाहून जातात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सारखं शरीरात शिरायला बघतं. अखंड त्वचा ते थोपवून धरते. ती जिथे खरवडली जाते तिथून पाणी आत येतं, क्षार बाहेर जातात आणि बुरशीला दार उघडं मिळतं. काकांच्या ब्लॅक मूरला त्या चार ठिकाणी हेच झालं होतं.

आता कल्ले. बाजारात कोळीण कल्ला उचलून दाखवते आणि आपण लालभडक आहे ना ते बघतो. हा लाल रंग रक्ताचाच आहे, कारण कल्ल्याच्या नाजूक पाकळ्यांमधून रक्त अगदी पृष्ठभागाजवळून वाहतं. पाण्यात त्या पाकळ्या सुट्या, फुललेल्या असतात. हवेत आणल्या की भिजलेल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास घ्यायची जागाच उरत नाही. 1992 साली रेनबो ट्राउटवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मासे थकेपर्यंत पळवले, मग काहींना हवेत धरलं. नुसते पळवलेल्यांपैकी 88 टक्के मासे 12 तासांनंतर जिवंत होते. पळवून 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के, आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी फक्त 28 टक्के. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा आहे, तुमच्या टाकीतल्या मोलीला हेच आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण आधी पाच मिनिटं जाळी घेऊन मागे धावायचं आणि मग दमलेल्या माशाला हवेत उचलायचं, हे आपण घरी करतो तेच तर आहे. हा अभ्यास वाचल्यापासून मी टाकीत माशाचा पाठलाग करणं बंद केलं.

आधी विचारा, काढायचा कशाला?

घरच्या माशांना हात लागतो तो दहातल्या नऊ वेळा टाकी धुण्यासाठी. आणि टाकी धुण्यासाठी मासे काढायची गरजच नसते. हे मी दुकानात रोज सांगते, तरी लोकांना खरं वाटत नाही, कारण लहानपणापासून सगळ्यांनी तसंच पाहिलेलं असतं. मासे बादलीत, खडी परातीत, काच भांड्याच्या साबणाने घासून लख्ख.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी मावतं. दर आठवड्याला त्यातली एक बादली, म्हणजे पाव भाग, बदललं की पुरे. पारदर्शक नळी घ्या, एक टोक खडीत आणि दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत. पाणी ओढलं की नळीचं तोंड खडीवरून हळूहळू फिरवा, विष्ठा आणि उरलेलं खाणं त्याबरोबर येतं. मासे बाजूला पोहत राहतात, दोन-तीन आठवड्यांत त्यांना त्याची सवय होते. काचेवरचं शेवाळ स्पंजने पुसा, साबण अजिबात नको. फिल्टरचा स्पंज काढलेल्या बादलीतल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका. त्या स्पंजमध्ये आणि खडीत जे जिवाणू राहतात तेच माशांच्या लघवी-विष्ठेतून येणारा अमोनिया पचवतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. नवीन पाणी घालताना अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि पाणी टाकीतल्याइतकंच कोमट आहे ना ते हात बुडवून पाहा.

एवढं केलं की वर्षाचे बावन्न हाताळण्याचे प्रसंग वाचतात. रविवारच्या फोनमधले निम्मे मासे या एका बदलाने वाचले असते असं मला मनापासून वाटतं.

तरीही कधी ना कधी मासा हलवावा लागतोच. टाकी फुटते, घर बदलतं, आजारी मासा वेगळा ठेवावा लागतो, दोन फायटर, म्हणजे एकमेकांशी भांडणारे बेटा मासे, चुकून एकत्र येतात.

पाण्यासकट उचलणं

माझी पहिली पसंती डब्याला. आइस्क्रीमचा एक किलोचा प्लास्टिक डबा, श्रीखंडाचा डबा, काहीही चालतं. फक्त तेल-साबण लागलेला नको आणि शक्यतो पारदर्शक असावा. डबा आडवा करून टाकीत बुडवा आणि तोंड माशाकडे ठेवून अगदी स्थिर धरा. दुसऱ्या हातात जाळी घ्या. या जाळीने मासा पकडायचा नाही, मागून हळूच वाट दाखवायची. मासा डब्यात शिरला की डबा सरळ करा आणि पाण्यासकट उचला. माशाला हवाही लागत नाही आणि हातही लागत नाही. गप्पी, मोली, निऑन टेट्रा, झेब्रा, लहान एंजल, फायटर या सगळ्यांसाठी हीच पद्धत. एवढ्याशा माशाला हाताने धरायचा प्रश्नच येत नाही, कारण तुम्ही कितीही हळू धरलंत तरी त्याच्या पोटावर तुमच्या बोटाचा भार त्याच्या वजनापेक्षा जास्त पडतो.

मोठ्या माशासाठी, म्हणजे फूटभराचा ऑस्कर किंवा अरोवाना असेल तर, जाड प्लास्टिकची मोठी पिशवी तशीच पाण्यात उघडी धरायची. अरोवाना उडी मारतो, म्हणून दोन माणसं हवीत आणि झाकण लगेच हाताशी हवं.

जाळी वापरायचीच असेल तर मऊ, बारीक विणीची घ्या आणि वापरण्याआधी टाकीच्या पाण्यात भिजवा. कोरडी जाळी खरखरीत असते. एका जाळीने पाठलाग करण्यापेक्षा दोन जाळ्या घ्या: एक कोपऱ्यात स्थिर, दुसरी हाकायला. एक मिनिटात जमलं नाही तर थांबा, दिवे घालवा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. अंधारात मासे शांत होतात.

काही माशांना मात्र जाळी चालतच नाही. सकर मासा, कोरी कॅटफिश आणि एकूणच कॅटफिशच्या बहुतेक जातींच्या परांना पुढच्या कडेला कडक काटे असतात. घाबरले की ते काटे ताठ करून कुलूप लावल्यासारखे अडकवतात. जाळीच्या भोकांत ते गुंतले की ओढून निघत नाहीत. ओढलंत तर काटा मोडतो किंवा पर फाटतो. असा मासा गुंतलाच तर जाळीसकट पाण्यात ठेवा आणि कात्रीने जाळी कापा. जाळी चाळीस-पन्नास रुपयांची असते. क्लाउन लोचच्या डोळ्याखाली मिटवता येणारा काटा असतो, तोही असाच अडकतो. आणि हे काटे तुमच्या हातालाही लागतात. कोरीचा काटा टोचला की चांगलंच चरचरतं, म्हणून कॅटफिश ना जाळीने ना हाताने, डब्यानेच.

हाताने धरायची वेळ

आता खरा मुद्दा. फुगीर गोल्डफिश हे जाळीचे मासे नव्हेत. ओरांडाच्या डोक्यावरची मांसल टोपी जाळीला घासते. ब्लॅक मूरचे डोळे बाहेर असतात. बबल आयच्या डोळ्यांखालचे पाण्याचे फुगे तर नुसत्या धक्क्याने फुटू शकतात. त्यात हे मासे जड आणि गोल. जाळीतून वर उचलले की सगळा भार एका कुशीवर येतो. सुरुवातीच्या दिवसांत एक टेलिस्कोप आय मी स्वतः जाळीने उचलला. तो फडफडला, डोळा जाळीच्या शिवणीत घासला आणि दोन दिवसांत दुधाळ झाला. तो डोळा परत आला नाही. गिऱ्हाइकाला विकण्यासारखा तो राहिला नव्हता, म्हणून माझ्याच टाकीत पाच वर्षं राहिला, आणि रोज सकाळी त्याला खाणं त्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने टाकताना मला ती शिवण आठवायची. जपानी कोई जातीचे मासे सांभाळणारे अनुभवी लोकही मोठा मासा जाळीने हवेत उचलत नाहीत. उथळ जाळीने तरंगत्या टबाकडे वळवतात आणि मग टबातच सगळं पाहतात.

अशा माशासाठी हात कसा वापरायचा ते सांगते.

आधी हीटर आणि पंपाचे बटण बंद करून प्लग काढा. टाकीत हात घालण्यापूर्वी हे नेहमीच करायचं. काचेचा हीटर तडकलेला असला तर पाण्यात वीज उतरलेली असू शकते, आणि ते दिसत नाही.

मग हात. साबणाने धुतले असतील तर साबणाचा अंशही राहू नये इतके साध्या पाण्याने कोपरापर्यंत खळखळून धुवा. सॅनिटायझर, क्रीम, अत्तर, मच्छरांचं मलम लावलेला हात टाकीत घालूच नका. मच्छरांचे फवारे आणि मशीनमधल्या द्रवात जी औषधं असतात त्यांतली बरीचशी माशांना अतिशय विषारी असतात, पावसाळ्यात यानेच मासे गेल्याचं मी पाहिलंय. स्वयंपाकघरातून उठून आला असाल तर तिखट-हळदीचे हातही चालणार नाहीत. अंगठ्या काढा, नखं कापलेली हवीत. उजव्या हातात बांगड्या घालायचं मी दुकान सुरू झाल्यापासून सोडलं. एकदा काचेच्या बांगडीच्या कडेला ओरांडाचा खवला अडकला होता, तेवढं पुरे झालं.

हात टाकीच्या पाण्यात बुडवून अर्धा-एक मिनिट तसाच ठेवा. हाताचं तापमान थोडं उतरतं, आणि मुख्य म्हणजे मासा ते पाहतो. वरून झेप घेतल्यासारखा हात कधी आणू नका. वरून येणारं सगळं माशाच्या लेखी बगळा असतो. तळहात वर करून हात खालून, सावकाश, माशाच्या पोटाखाली न्या. बोटं किंचित फाकलेली, वाटी केल्यासारखी. अंगठ्याने दाबायचं नाही. अंगठा नुसता बाजूला कुंपणासारखा उभा. दुसरा हात तोंडासमोर आडवा आणा, म्हणजे डोळ्यांवर सावली पडते आणि मासा थांबतो. बोट कल्ल्याच्या झाकणाखाली जाऊ देऊ नका. शेपटीला धरून उचलणं तर कधीच नाही, सगळं शरीर कण्यावर लोंबकळतं.

टब किंवा मोठं पातेलं तुम्ही आधीच टाकीत बुडवून ठेवलेलं असलं पाहिजे. मासा तळव्यावर स्थिरावला की हात तसाच पाण्याखालून पातेल्यात न्या आणि पातेलं उचला. या सगळ्यात तो एकदाही हवेत आलेला नाही. मासा फडफडला तर मूठ आवळायची नाही, हे सगळ्यात कठीण आहे, कारण सटकणारी वस्तू घट्ट धरायची सवय आपल्या हाताला असते. फडफडला की हात उघडा, त्याला जाऊ द्या, दोन मिनिटं थांबा. पाण्यातच असल्यामुळे तो कुठे पडत नाही. मला हे जमायला महिने लागले. आता दुकानातला नवा मुलगा आला की आठवडाभर मी त्याला भिजवलेली साबणाची वडी पाण्याखाली न दाबता धरायला सांगते, बादलीत, टाकीत नाही.

तोंडात अडकलेला खडा

हाताशिवाय पर्यायच नाही असा एक प्रसंग गोल्डफिश पाळणाऱ्या प्रत्येकावर केव्हातरी येतो. गोल्डफिश दिवसभर खडी तोंडात घेऊन चघळतो आणि थुंकतो. नेमक्या मापाचा खडा आला तर तो घशाशी बसतो. मासा तोंड उघडं ठेवून फिरतो, खाणं घेतो आणि पुन्हा बाहेर टाकतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री शटर ओढताना एक मुलगी आईबरोबर आली, छातीशी डबा धरून. "काकू, हा जांभई देतोय आणि तोंड मिटतच नाही." आत नारिंगी ओरांडा, तोंड गोल उघडं आणि आत हिरवट काहीतरी. मी त्याच डब्यातलं पाणी उथळ टबात ओतलं, मोबाईलचा दिवा त्या मुलीच्या हातात दिला. ओल्या डाव्या तळहातावर मासा घेतला, डोकं किंचित खाली झुकवलं, कल्ले पाण्यातच राहतील असं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेराने घशाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या जबड्याच्या मागे, मागून पुढे अगदी हलका दाब दिला. पहिल्यांदा काही झालं नाही. मासा सोडला, मिनिटभर श्वास घेऊ दिला. दुसऱ्यांदा खडा फिरला, त्याची सपाट बाजू समोर आली. पुन्हा सोडला. तिसऱ्यांदा हिरवा खडा टबाच्या तळाला टप् करून पडला. तोंड मिटलं, उघडलं, मिटलं. त्या मुलीने दिवा माशावरून हलवलाच नाही, हात भरून आला असेल तिचा.

चिमट्याने ओढायला जाऊ नका. काचेसारख्या गुळगुळीत खड्यावरून चिमटा घसरतो आणि तोंडाची आतली त्वचा फाटते. तीन-चार प्रयत्नांत निघाला नाही तर थांबा, मासा एक-दोन दिवस न खाता राहू शकतो, आणि कित्येकदा खडा आपोआप निघतो. नाहीच निघाला तर जनावरांच्या डॉक्टरांकडे. लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी देता येते हे खरं आहे, पण थेंबांचं गणित चुकलं तर मासा उठत नाही, तेव्हा ते घरी करू नका. आणि घरी जाऊन खडी बदला: एक तर तोंडात मावणारच नाही इतकी मोठी, नाही तर बारीक वाळू.

फरशीवर पडला तर

हात ओले करा आणि मगच उचला. पळत पाण्याशी जायला लागणारे तीन सेकंद कोरड्या हाताच्या खरवडण्यापेक्षा परवडले. जवळ पाणीच नसेल तर ओलं फडकं माशाखाली सारून त्यासकट उचला. अंगाला लागलेली धूळ-केस पुसू नका, नळाखाली तर मुळीच धरू नका. थेट टाकीत सोडा, हवेच्या दगडाजवळ, म्हणजे पंपाचे बुडबुडे येतात तिथे. निपचित पडला तरी लगेच गेला असं समजू नका. कल्ल्याचं झाकण बारीक हलतंय का ते बघा. फायटरला हवेतून श्वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं, त्यामुळे अंग ओलं असेल तर तो इतरांपेक्षा जास्त तग धरतो.

हाताळल्यानंतर, कारण काहीही असो, टाकीचा दिवा दिवसभर बंद ठेवा आणि चोवीस तास खाणं देऊ नका. एका लिटरला एक ग्रॅम साधं खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं घातलं तर माशाचा क्षार गमावण्याचा ताण कमी होतो. टाकीत झाडं, कॅटफिश किंवा लोच असतील तर हे वगळा. पुढचे पाच-सहा दिवस अंगावर फिकट डाग, कापसासारखं काही, पर मिटणं, वर येऊन श्वास घेणं याकडे लक्ष ठेवा. घाबरलेल्या माशाची प्रतिकारशक्ती उतरते आणि मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपकेही याच दिवसांत उठतात. एखादा खवला गळला असेल तर घाबरू नका. पाणी स्वच्छ राहिलं तर काही आठवड्यांत नवा येतो.

तुमच्या हाताचीही काळजी

आठ वर्षांपूर्वी माझ्या उजव्या तर्जनीवर लालसर गाठ आली. दुखायची नाही, बरीही होत नव्हती. चामखीळ म्हणून दोन महिने औषध लावलं. शेवटी त्वचेच्या एका डॉक्टरांनी विचारलं, "माशांचं काही करता का?" मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जिवाणू असतो, क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला. तो पाण्यात आणि आजारी माशांवर राहतो, जखमेतून आत शिरतो, आणि त्याला तीस अंशांच्या आसपासची थंडाई आवडते, म्हणून बहुतेक वेळा हातावरच राहतो. मला चार महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. बोटाला चीर असेल तर टाकीत हात घालू नका, घालावाच लागला तर पावडर नसलेला लांब हातमोजा धुऊन घाला. टाकीचं काम झाल्यावर मात्र साबणाने स्वच्छ हात धुवा. पाणी ओढायला नळी तोंडाने ओढू नका, रबरी फुग्याचा पंप मिळतो.

आणि ज्यांना मासा कुरवाळायचाय

फ्लॉवरहॉर्न आणि ऑस्कर माणसाला ओळखतात, हात पाण्यात घातला की येऊन टेकतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा फ्लॉवरहॉर्न त्यांच्या तळहातावर आडवा होतो. मासा आपणहून येतो, पाण्यातच राहतो, हवं तेव्हा निघून जातो, तेव्हा मी त्यांना नाही म्हणत नाही. रोज उठून डोक्यावरचा फुगा चोळत बसणं मात्र मला पटत नाही, कारण तीच बुळबुळ रोज त्याच जागी निघते. आणि फ्लॉवरहॉर्न चावतो, लहान मुलाचं बोट त्याच्यासमोर नको.

मुलांना माशाला हात लावायचाच असतो, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. त्यांना मी हे सांगते. स्वच्छ, ओल्या बोटाच्या टोकावर उकडलेल्या मटाराचा सोललेला अर्धा दाणा घ्यायचा, बोट पाण्यात दोन पेरं बुडवायचं आणि हलवायचं नाही. गोल्डफिश पहिल्या दिवशी येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लांबून बघतो. आठवडाभराने कधीतरी येतो आणि मटार ओढताना त्याचे ओठ बोटाला लागतात, अगदी मऊ, ओल्या कापडाने टिपल्यासारखे. खडा घेऊन आलेली ती मुलगी आता दर महिन्याला मटारची गोष्ट सांगायला येते. परवा म्हणाली, "काकू, आज त्याने दोनदा घेतला."